वनांचे मोल आणि विकासाचा ताळेबंद

कोणतीही विकासयोजना मंजूर करण्यापूर्वी तिच्यावर किती खर्च होईल आणि तिच्यापासून किती लाभ मिळेल, याचा अंदाज बांधण्यात येतो. धरणाचा खर्च सिमेंट, पोलाद, मजुरी आणि संपादित जमिनीची भरपाई यांवरून काढता येतो. त्याचा लाभ ओलिताखाली येणाऱ्या क्षेत्रावरून आणि निर्माण होणाऱ्या विजेवरून मोजता येतो. रस्ते, खाणी आणि कारखाने यांच्या बाबतीतही हीच पद्धत आहे. परंतु ज्या भूमीवर ही कामे उभी राहतात, त्या भूमीवर पूर्वी असलेले वन, कुरण किंवा खाजण समाजाला काय देत होते, याची नोंद या हिशेबात बहुधा आढळत नाही. वनाने अडविलेल्या पाण्याचे देयक कोणी पाठवीत नाही, आणि डोक्यावरून आणलेल्या मोळीची पावती कोणी फाडत नाही. ज्याची पावती नाही त्याची किंमत शून्य, असे गृहीत धरून निर्णय घेतले जातात.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न करणाऱ्या शास्त्रशाखेस पर्यावरणीय अर्थशास्त्र असे म्हणतात. विकास थांबवावा असे हे शास्त्र सांगत नाही. निर्णय घेण्यापूर्वी त्यातील सर्व लाभ-हानी टेबलावर मांडली जावी, आणि ती हानी कोणाच्या वाट्यास येणार हेही स्पष्ट व्हावे, एवढाच त्याचा आग्रह असतो. भारतात या विषयाचे संशोधन गेल्या चार-पाच दशकांत बरेच पुढे गेले आहे. त्यांपैकी काही संशोधनाचा न्यायालयीन निर्णयांवर आणि शासकीय दरपत्रकांवर प्रत्यक्ष परिणाम झालेला आहे. हे कसे घडले, त्यातून काय साधले आणि काय साधावयाचे राहिले, हे वनांच्या उदाहरणावरून पाहू.

हिशेबातील मोकळा रकाना

प्रथम एक काल्पनिक, परंतु कोणत्याही तालुक्यात घडू शकेल असे उदाहरण घेऊ. एका गावाला मोठे गायरान आहे. त्याचा काही भाग एखाद्या उपक्रमासाठी द्यावा आणि त्यापासून पंचायतीला दरवर्षी १,५०,००० रुपये मिळावेत, असा प्रस्ताव येतो. पंचायतीच्या जमेत ही रक्कम ठळकपणे दिसेल. खर्चाच्या बाजूस मात्र काहीच दिसणार नाही, कारण ती जमीन 'पडीक' म्हणून नोंदलेली आहे.

आता असे समजा की, गावातील ६० कुटुंबे त्या जागेतून जळण आणतात. प्रत्येक कुटुंब आठवड्यास ३ मोळ्या, याप्रमाणे वर्षातील ३० आठवडे सरपण गोळा करते. म्हणजे वर्षाला ५,४०० मोळ्या झाल्या. बाजारात एका मोळीची किंमत १०० रुपये असेल, तर हे सरपण ५,४०,००० रुपयांचे झाले. तथापि, हा आकडा तसाच्या तसा लाभ म्हणून मांडणे योग्य नव्हे. मोळी आणण्यास श्रम पडतात. त्या वेळात दुसरे काम मिळाले असते तर जी मजुरी मिळाली असती, ती वजा केली पाहिजे. ती एका मोळीमागे ६० रुपये धरल्यास निव्वळ लाभ ४० रुपये, म्हणजे वर्षाला एकूण २,१६,००० रुपये होतो. उन्हाळ्यात दुसरे काम मिळतच नसेल, तर वजा करावयाची रक्कम कमी होईल आणि लाभ वाढेल. उलट, जितके सरपण तोडले जाते तितके पुन्हा वाढत नसेल, तर गाव व्याजावर नव्हे तर मुद्दलावर जगत आहे असे समजावे लागेल, आणि लाभाचा आकडा कमी धरावा लागेल.

या साध्या गणितातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही की, जमेच्या बाजूचे १,५०,००० रुपये प्रत्येकास दिसतात, परंतु जाणारे २,१६,००० रुपये कोणत्याच वहीत नसतात. यात चारा, औषधी वनस्पती आणि जमिनीत मुरणारे पाणी धरलेले नाही. दुसरी गोष्ट अशी की, मिळणारी रक्कम पंचायतीची असते, तर जाणारी रक्कम त्या ६० कुटुंबांची, आणि त्यांतही प्रामुख्याने सरपण वाहणाऱ्या स्त्रियांची असते. एकूण बेरीज-वजाबाकीपेक्षा ही दुसरी बाब पुष्कळदा अधिक महत्त्वाची ठरते.

राज्याच्या आणि देशाच्या हिशेबातही हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडतो. वन तोडून लाकूड विकले म्हणजे ती विक्री राष्ट्रीय उत्पन्नात मिळविली जाते. कारखान्यातील यंत्र झिजले तर त्याचा घसारा वजा केला जातो, पण घटलेल्या वनाचा घसारा त्याप्रमाणे वजा होत नाही. ही त्रुटी दूर करण्यासाठी भारत सरकारने प्रा. पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला. त्याने २०१३ मध्ये राष्ट्रीय हिशेबात निसर्गसंपत्ती कशी समाविष्ट करावी याची रूपरेषा सादर केली. २०१८ पासून केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय पर्यावरणीय लेख्यांची माहिती प्रसिद्ध करीत आले आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर, राज्याच्या उत्पन्नाच्या हिशेबात वनसंपत्ती कशी धरावी याविषयी जी. एस. हरिप्रिया यांचे संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले.

मोल मोजण्याच्या रीती

ज्या वस्तूला बाजार नाही तिचे मोल ठरवावे कसे, हा प्रश्न साहजिक आहे. त्यासाठी काही रीती रूढ झाल्या आहेत. जळण, चारा, मोहफुले, डिंक यांसारख्या वस्तूंना जवळपासच्या बाजारातील भाव लावता येतो. वनामुळे धरणात गाळ कमी येत असेल, तर तो गाळ काढण्यास जो खर्च आला असता तो वाचलेला खर्च म्हणजे वनाच्या सेवेचे मोल, असे धरता येते. वनालगतच्या शेतीचे उत्पन्न आणि वन नसलेल्या भागातील शेतीचे उत्पन्न यांची तुलना करूनही अंदाज करता येतो. एखादे अभयारण्य पाहण्यासाठी लोक किती अंतरावरून, किती खर्च करून येतात, यावरून त्याचे सौंदर्यमूल्य अजमावतात. शेवटी, एखादी नैसर्गिक ठेव राखण्यासाठी तुम्ही किती रक्कम देण्यास तयार आहात, असे लोकांनाच विचारण्याचीही रीत आहे. परंतु या रीतीत उत्तर देणाऱ्याची मिळकत आणि प्रश्नाची मांडणी यांचा प्रभाव पडतो, म्हणून ती जपून वापरावी लागते.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. कलकत्ता विद्यापीठातील प्रा. टी. एम. दास यांनी १९७९ साली एका मोठ्या वृक्षापासून ५० वर्षांत मिळणाऱ्या प्राणवायू, मृदसंधारण, आर्द्रता इत्यादी सेवांचे मूल्य सुमारे १५ लाख ७० हजार रुपये असल्याचे मांडले. हा आकडा शाळांतून व वृक्षारोपणाच्या समारंभांतून वारंवार सांगितला जातो. वृक्षाविषयी आदर निर्माण करण्यास त्याचा उपयोग झाला, यात शंका नाही. पण धोरण ठरविताना तो तसाच वापरता येत नाही. देशातील सर्व वृक्षांना त्याने गुणले तर अशी रक्कम येईल की, तिच्यापुढे देशाचे उत्पन्न नगण्य ठरेल, आणि अशा रकमेवरून कोणताच निर्णय घेता येणार नाही. धोरणासाठी प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावा लागतो: या ठिकाणचे, एवढे वन गेले तर नेमका कोणता फरक पडेल, आणि तो कोणाला सोसावा लागेल? या फरकाचे मोजमाप हेच पर्यावरणीय अर्थशास्त्राचे खरे कार्य होय.

ओडिशातील कांदळवने

असा प्रश्न नेमकेपणाने कसा विचारावा याचे उत्तम उदाहरण ओडिशात सापडते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी त्या राज्याच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले आणि सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. केंद्रपाडा जिल्ह्यातील किनाऱ्यालगत कांदळवने, म्हणजे आपल्याकडील तिवरांसारखी खारफुटीची वने आहेत. विसाव्या शतकात शेती व वस्ती यांसाठी त्यांची पुष्कळ तोड झाली होती. या वनांनी वादळात काही संरक्षण दिले का, हा प्रश्न दिल्लीच्या आर्थिक विकास संस्थेशी संबंधित संशोधिका सौदामिनी दास यांनी अभ्यासास घेतला. जेफ्री व्हिन्सेंट यांच्यासह त्यांनी केलेला हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला.

अशा अभ्यासात फसगत होण्याचा संभव असतो. कांदळवनाच्या आडोशाची गावे कदाचित समुद्रापासून दूर असतील, उंचावर असतील किंवा अधिक संपन्न असतील, आणि त्यामुळेच तेथे मृत्यू कमी झाले असतील. म्हणून शेकडो गावांची माहिती एकत्र करून, समुद्राचे अंतर, जमिनीची उंची, लोकवस्तीचे स्वरूप इत्यादी गोष्टींचा परिणाम वेगळा काढण्यात आला. पूर्वी, १९४४ च्या सुमारास, कोठे कांदळवने होती हेही विचारात घेण्यात आले. ज्या सखल जागी मुळात कांदळवन होते आणि नंतर वस्ती झाली, तेथे धोका स्वाभाविकपणेच अधिक असणार, हे त्याचे कारण होय.

एवढी काळजी घेतल्यानंतरही असे आढळले की, गाव आणि समुद्र यांच्यामध्ये कांदळवनाचा पट्टा जितका रुंद, तितके मृत्यू कमी होते. किनाऱ्यापासून १० किलोमीटरच्या टापूत ही वने मुळीच नसती, तर दर गावामागे सरासरी १.७२ मृत्यू अधिक झाले असते. त्याच अभ्यासाने हेही सांगितले की, शासनाने वेळीच दिलेल्या धोक्याच्या सूचनेमुळे कांदळवनांपेक्षा अधिक प्राण वाचले. हा निष्कर्ष लपविला गेला नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. संशोधनाने एका उपायाचा पुरस्कार करावयाचा नसून प्रत्येक उपायाचे माप द्यावयाचे असते. या मापावरून, उरलेली कांदळवने राखणे केवळ जीवितरक्षणाच्या लाभामुळेही आर्थिकदृष्ट्या समर्थनीय ठरते, आणि मासळी, लाकूड, जमिनीची धूप रोखणे हे लाभ त्याव्यतिरिक्त असतात, असा निष्कर्ष निघाला.

कोकणच्या दृष्टीने हा अभ्यास केवळ परप्रांतीची वार्ता नव्हे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन थडकले. कांदळवनांची तोड थांबविण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली दिला होता, आणि २०१२ साली महाराष्ट्र शासनाने या वनांसाठी वनखात्यांतर्गत स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी खाडीकाठची तिवरे म्हणजे भराव घालण्यायोग्य चिखल आहे असे न समजता, ती गावाच्या संरक्षणाची तटबंदी आहे असे समजून त्यांची नोंद ठेवावी, हा या संशोधनाचा व्यावहारिक अर्थ होय.

वनजमिनीचे दरपत्रक

संशोधनातील आकडा थेट धोरणात कसा उतरतो, हे निव्वळ वर्तमान मूल्याच्या इतिहासावरून दिसून येते. १९८० च्या वन संवर्धन अधिनियमानुसार वनजमीन अन्य कामासाठी वापरण्यापूर्वी केंद्र शासनाची मान्यता घेणे आवश्यक झाले. तिच्या बदल्यात झाडे लावण्याची अटही घालण्यात येऊ लागली. परंतु नवे रोपवन वाढून जुन्या वनाची बरोबरी करीपर्यंत अनेक दशके जातात. तेवढ्या काळात समाज ज्या सेवांना मुकतो, त्यांची भरपाई होत नव्हती.

तामिळनाडूतील वनांविषयी टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद यांनी १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या अर्जातून पुढे देशभरच्या वनांचे प्रकरण उभे राहिले. त्या प्रकरणात २००२ साली न्यायालयाने असा आदेश दिला की, वनजमीन वळविणाऱ्या यंत्रणेने त्या वनाचे निव्वळ वर्तमान मूल्य भरावे. प्रारंभीचा दर हेक्टरी ५.८० लाख ते ९.२० लाख रुपये होता. हा दर कोणत्या तत्त्वावर ठरवावा याचा शास्त्रीय विचार करण्यासाठी न्यायालयाने २००५ साली आर्थिक विकास संस्थेच्या प्रा. कांचन चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञसमिती नेमली. समितीने लाकूड, जळण, चारा, गौण वनोपज, पर्यटन, जलसंधारण, जैवविविधता आणि कर्बसंचय या सर्वांचा वेगवेगळा हिशेब कसा करावा हे दाखवून दिले. वनाचे लाभ गाव, राज्य आणि राष्ट्र अशा निरनिराळ्या पातळ्यांवर पोहोचतात, या गोष्टीकडेही तिने लक्ष वेधले.

पुढे २८ मार्च २००८ रोजी न्यायालयाने वनांचा प्रकार व घनता यांनुसार हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे दर निश्चित केले. अभयारण्यातील जमिनीसाठी पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानातील जमिनीसाठी दहापट रक्कम ठरली. शाळा, दवाखाना, गावतळे, पाण्याची टाकी यांसारख्या गावाच्या छोट्या कामांना, एक हेक्टरपर्यंत आणि विहित अटींवर, या रकमेतून सूट देण्यात आली. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र शासनाने हे दर वाढवून सुमारे ९.५८ लाख ते १५.९६ लाख रुपये केले. या वसुलीचा विनियोग करण्यासाठी २०१६ साली प्रतिपूरक वनीकरण निधी अधिनियम संमत झाला असून, त्यानुसार निधीचा ९० टक्के भाग राज्यांकडे जातो.

'वर्तमान मूल्य' या शब्दांचा अर्थ येथे स्पष्ट केला पाहिजे, कारण दराचे सारे मर्म त्यात आहे. आज हाती येणारे १०० रुपये आणि २० वर्षांनी येणारे १०० रुपये सारखे मानले जात नाहीत. भविष्यातील लाभ आजच्या भावात आणण्यासाठी त्यास एका दराने सूट द्यावी लागते. हा दर १० टक्के धरला, तर २० वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य सुमारे १५ रुपये होते. तो ४ टक्के धरला, तर तेच मूल्य सुमारे ४६ रुपये होते. ५० वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे मूल्य १० टक्के दराने एक रुपयाही भरत नाही, परंतु ४ टक्के दराने ते सुमारे १४ रुपये राहते. खाणीचा लाभ लवकर हाती येतो, तर वनाचा लाभ पिढ्यान्‌पिढ्या थोडाथोडा येत राहतो. साहजिकच दर चढा धरला की खाणीचे पारडे जड होते आणि वनाचे हलके होते. म्हणून कोणताही प्रकल्प-अहवाल वाचताना हा दर किती धरला आहे, हे अधिकाऱ्यांनी आवर्जून पाहावे. हा केवळ गणिताचा प्रश्न नाही. आपल्या नातवंडांच्या हिताला आज किती वजन द्यावयाचे, हा निर्णय त्या दरात दडलेला असतो.

तोटा कोणाचा?

दरपत्रक झाले, रकमाही जमा होऊ लागल्या. परंतु भरपाई ज्यांचे नुकसान झाले त्यांना मिळाली का, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. वन गेल्याने ज्या पाड्यावरील माणसांची मोहफुले, तेंदूपाने आणि जळण गेले, त्यांच्या हाती निव्वळ वर्तमान मूल्याची रक्कम आपोआप येत नाही. ती निधीत जमा होते आणि वनीकरणावर, बहुधा अन्यत्र, खर्च होते.

सामायिक जमिनींवर कोण अवलंबून असते, याविषयीचा पायाभूत अभ्यास डॉ. एन. एस. जोधा यांनी १९८६ साली प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह सात राज्यांच्या कोरडवाहू भागांतील ८० हून अधिक गावे त्यांनी पाहिली. गायराने, गावतळी, पडीत जमिनी आणि गाववने यांपासून गरीब कुटुंबांना त्यांच्या उत्पन्नाच्या १४ ते २३ टक्क्यांपर्यंत लाभ होत असल्याचे त्यांना आढळले. सधन कुटुंबांच्या बाबतीत हे प्रमाण अगदी अल्प होते. १९५० नंतरच्या तीन दशकांत अशा जमिनींचे क्षेत्र फार मोठ्या प्रमाणावर घटले होते. त्यातील पुष्कळ जमीन गरिबांना वाटण्याच्या हेतूनेच खाजगी झाली होती, परंतु प्रत्यक्षात तिचा मोठा हिस्सा आधीच जमीन असलेल्यांकडे गेला. पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९८ मधील ५४ व्या फेरीत देशातील ४८ टक्के ग्रामीण कुटुंबे सामायिक साधनसंपत्तीतून काही ना काही गोळा करतात, असे आढळून आले. कागदोपत्री 'पडीक' असलेली जमीन ही गरिबांची अडीअडचणीची ठेव असते, हे या आकड्यांनी सिद्ध केले. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचे निर्देश राज्यांना दिले.

लाभाचा हक्क गावाकडे आला म्हणजे काय घडू शकते, याचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने घालून दिले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती देण्यात आला. त्यानंतर बांबूच्या विक्रीचे उत्पन्न ग्रामसभेच्या वहीत दिसू लागले. जे मोल पूर्वी गावाच्या दृष्टीने अदृश्य होते ते आता त्यांच्याच जमेचा भाग झाले, आणि वन राखण्यात त्यांचे हित प्रत्यक्ष गुंतले. स्थानिक लोक नियम स्वतः करतात व पाळतात तेथे सामायिक साधनसंपत्ती टिकून राहू शकते, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांतून दाखवून दिले होते. त्यासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आकड्यांच्या मर्यादा

मोल काढता येते याचा अर्थ सर्वच गोष्टी मोल देऊन घेता येतात, असा नाही. ओडिशातील नियमगिरी पर्वतावरील खाणीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी हा प्रश्न तेथील ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले. बाराही ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. डोंगरिया कोंध लोकांच्या दृष्टीने तो पर्वत दैवत आहे, आणि त्याचा भाव कोणत्याही दरपत्रकात बसत नाही. आपल्या सह्याद्रीतील देवराया अशाच श्रद्धेने टिकल्या. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास करून त्यांतील वनस्पतिसंपदेकडे लक्ष वेधले. त्या राखणाऱ्या गावकऱ्यांनी लाभ-हानीचा तक्ता मांडलेला नव्हता.

दुसरी मर्यादा अशी की, दर ठरला म्हणजे तो परवान्याची किंमत बनण्याची भीती असते. 'रक्कम भरली, आता वन तोडण्यास हरकत काय?' अशी वृत्ती बळावल्यास मूळ हेतूच पराभूत होईल. जे एकदा गेले म्हणजे पुन्हा निर्माण करता येत नाही, त्याच्या बाबतीत प्रथम नकाराचा विचार व्हावा आणि रकमेचा प्रश्न नंतर यावा, हाच योग्य क्रम होय. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनेही पर्यावरणाच्या स्थैर्यास पहिले स्थान दिले असून, थेट आर्थिक लाभ त्याखालोखाल ठेवला आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

२०२१ च्या वनसर्वेक्षण अहवालानुसार महाराष्ट्राचे वनाच्छादन ५०,७९८ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याच्या भौगोलिक क्षेत्राच्या १६.५१ टक्के होते. या वनांचे व त्यालगतच्या गायरानांचे भवितव्य पुष्कळ अंशी तालुका आणि गाव या पातळीवर ठरणार आहे. तेथे मोठे संशोधन शक्य नसले, तरी योग्य प्रश्न विचारणे शक्य आहे. जमिनीच्या वापरात बदल करणारा प्रस्ताव आल्यास पुढील गोष्टी कागदावर मांडाव्यात.

१. या जमिनीतून आज कोण, कोणत्या ऋतूत, काय आणि किती घेते?

२. तो लाभ बंद झाल्यास त्या कुटुंबांना पर्याय कोणता, आणि त्यास किती पैसे व किती श्रम लागतील?

३. पाणी, माती, आणि वादळ-पूर यांपासूनचे संरक्षण यांत कोणता फरक पडेल?

४. लाभ कोणाला आणि तोटा कोणाला? तोटा सोसणाऱ्यांस भरपाई प्रत्यक्ष मिळण्याची व्यवस्था आहे काय?

५. झालेला बदल पुढे मागे घेता येण्यासारखा आहे काय?

ही माहिती जमविण्याची साधने उपलब्ध आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असून, तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. ही नोंदवही केवळ नावांची यादी न राहता, तिच्यात वापर, हंगाम आणि बाजारभाव यांचीही नोंद झाली, तर तीच गावाच्या निसर्गसंपत्तीची खतावणी होईल. शिक्षकांना या कामात मोठा वाटा उचलता येण्यासारखा आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक दिवस गावात येणाऱ्या मोळ्या आणि चाऱ्याचे भारे मोजले, आणि घरोघरच्या स्त्रियांकडून त्यासाठी लागणारा वेळ विचारून लिहिला, तर वर्षअखेर जी माहिती हाती येईल ती कोणत्याही कार्यालयात उपलब्ध नसेल. त्यात गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांचा अभ्यासही साधेल. ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करताना ही माहिती ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी. अधिकाऱ्यांनी प्रस्तावाची छाननी करताना ती मागवावी आणि टिपणीत समाविष्ट करावी.

शासनाचे निर्णय आकड्यांच्या आधारे होतात, आणि तसे ते व्हावयासही हवेत. म्हणूनच ज्यांचे नुकसान आकड्यांत येत नाही, त्यांचा आवाज निर्णयात उमटत नाही. संशोधनाने पद्धती दिल्या आहेत आणि कायद्याने व्यासपीठ दिले आहे. त्या पद्धतीने मोजलेली माहिती, निर्णय होण्याच्या आधी, त्या व्यासपीठावर मांडणे हे काम आता गावाच्या कारभाऱ्यांचे, शिक्षकांचे आणि अधिकाऱ्यांचे आहे. ते झाल्यास एखाद्या योजनेस मंजुरी देताना काय मिळणार याबरोबरच काय जाणार आणि कोणाचे जाणार, याचीही पूर्ण जाणीव ठेवून निर्णय घेता येईल.